सामूहिक भाजीपाला बागेत पीक फेरपालट : वाफा ज्याचा त्याचा, फेरपालट सगळ्यांची

आषाढात लावलेली वांगी पोळ्यापर्यंत हिरवीगार दिसतात. पहिली फुले लागतात आणि एके दिवशी दुपारी दोन झाडे माना टाकतात. संध्याकाळी ती पुन्हा ताठ होतात, म्हणून पाणी कमी पडले असेल असे वाटते. चार दिवसांत ती हिरवीच्या हिरवी वाळतात आणि शेजारच्या झाडांची पाळी येते. पुढच्या वर्षी नवी रोपे आणली, शेणखत वाढवले, जीवामृत दिले, तरी त्याच जागी पुन्हा तेच घडते.

तुमच्या गटाच्या किंवा शाळेच्या बागेत असे होत असेल, तर अडचण बहुधा रोपांत किंवा खतात नसून जमिनीत आहे. एकाच कुळातील पिके त्याच जागी वारंवार घेतल्याने रोगाचे जिवाणू, बुरशी आणि सूत्रकृमी तिथे साठत जातात. सेंद्रिय बागेत यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पिकांची फेरपालट. मात्र सामूहिक बागेत ती एकेका सदस्याने आपापल्या वाफ्यात करून चालत नाही. ती पूर्ण बागेची मिळून करावी लागते. कशी करायची, ते भंडारा जिल्ह्यातील जमीन, पाऊस आणि पिके समोर ठेवून पाहू.

फेरपालट आपल्याला नवी नाही

भंडारा हा धानाचा जिल्हा. इथे पिढ्यान्‌पिढ्या धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच लाखोरी किंवा जवस फेकण्याची रीत आहे. तिलाच उतेरा म्हणतात. धानानंतर लाखोरी म्हणजे गवतवर्गीय पिकानंतर शेंगवर्गीय पीक. ही फेरपालटच आहे. धुऱ्यावर तूर लावतो, तीही एकाच शेतात दोन कुळे सांभाळण्याची पद्धत आहे.

वैनगंगेच्या पात्रातील डांगरवाडीत दरवर्षी टरबूज-काकडीच घेतात, मग तिथे का चालते, असा प्रश्न पडू शकतो. तिथे पुराबरोबर नवी रेती आणि गाळ येतो, म्हणजे जागा तीच असली तरी वरची माती बदलते. बागेतील माती मात्र तीच राहते. म्हणून तिथे पीक बदलावे लागते.

सामूहिक बागेत फेरपालट कुठे फसते

उमेद अभियानातून महिला बचत गटांनी गावोगावी पोषण परसबागा लावल्या आहेत. शाळांतील परसबागांसाठीही केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. या बागांतून घरच्या ताटात आणि शाळेच्या खिचडीत ताजी भाजी येते. पण बाग दोन-तीन वर्षांची झाली की उत्पादन घसरू लागते. त्याचे एक मोठे कारण बागेच्या वाटणीत असते.

समजा, चार गुंठ्यांच्या बागेत दहा सदस्य आहेत. प्रत्येकाला एक सलग चौकोन दिला. वांगी, टोमॅटो आणि मिरची सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे दहाही चौकोनांत ती लागतात. पुढच्या वर्षी एखादी सदस्य आपल्या चौकोनातील वांगी डाव्या बाजूची उजव्या बाजूला नेते. तिच्या दृष्टीने फेरपालट झाली. पण शेजारच्या चौकोनातील वांगी तिच्या नव्या जागेपासून चार फुटांवर असतात. पावसाचे पाणी, निंदणीचे खुरपे आणि पायाला लागलेला चिखल तिकडची माती इकडे आणतात. कागदावर बाग दहा जणांची असली, तरी जमिनीतील रोगासाठी ते एकच शेत असते.

म्हणून पहिला नियम असा : बागेचे तुकडे सदस्यांप्रमाणे पाडू नयेत, पिकांच्या कुळाप्रमाणे पाडावेत. सदस्यांची वाटणी प्रत्येक तुकड्याच्या आत करावी.

आधी पिकांची कुळे ओळखा

फेरपालट म्हणजे नुसती भाजी बदलणे नव्हे. वांग्यानंतर टोमॅटो लावला तर रोगाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही, कारण दोन्ही एकाच कुळातील आहेत. बागेतील नेहमीच्या भाज्यांची कुळे पुढीलप्रमाणे :

- वांगी कुळ : वांगी, टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, बटाटा.
- शेंगवर्गीय कुळ : बरबटी (चवळी), गवार, वाल, घेवडा, वाटाणा, मूग, उडीद, ताग. मेथीसुद्धा याच कुळातील आहे.
- वेलवर्गीय (काकडी) कुळ : दोडका, कारली, लवकी (दुधी), ढेमसे, काकडी, कोहळे, टरबूज.
- कोबी कुळ : पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, मोहरी.
- कांदा कुळ : कांदा, लसूण.
- भेंडी कुळ : भेंडी, अंबाडी. कापूसही याच कुळातील.
- पालक कुळ : पालक, बीट, चवळाई, राजगिरा.
- गाजर कुळ : गाजर, सांबार (कोथिंबीर), बडीशेप.
- गवत कुळ : धान, मका, ज्वारी.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. मुळा आणि गाजर दोन्ही जमिनीखाली पोसतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. उलट भेंडी आणि अंबाडी दिसायला वेगळ्या, पण कूळ एकच.

चार तुकडे, चार वर्षे

चार गुंठ्यांची, म्हणजे साधारण दहा डिसमिलची बाग धरू. तिचे एकेक गुंठ्याचे (३३ बाय ३३ फूट) चार तुकडे पाडावेत. उतार पाहून सर्वांत खालच्या तुकड्याला क्रमांक १ द्यावा आणि वर जात क्रमांक ४ पर्यंत यावे. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात क्रमांक रंगवलेला दगड पुरावा. तुकड्याभोवती छोटा धुरा घालावा. पाणी देण्याचा पाट आणि जादा पाणी काढण्याची नाली प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र ठेवावी. एका तुकड्यातून निघालेले पाणी दुसऱ्यात सोडू नये.

प्रत्येक तुकड्यात सदस्यांसाठी दहा लांब वाफे पाडावेत : प्रत्येक वाफा अडीच फूट रुंद, ३३ फूट लांब आणि दोन वाफ्यांमध्ये पाय ठेवण्यापुरती पाऊण फुटाची वाट. असे केले की प्रत्येक सदस्याकडे चार वाफे येतात, प्रत्येक तुकड्यात एक. वाफ्याची मालकी कायम राहते. दरवर्षी बदलते ते फक्त त्या तुकड्याचे कूळ.

वांगी कुळाच्या वाफ्यात दोन फुटांवर एक झाड लावले, तर एका सदस्याची १६ झाडे बसतात. त्यात कोणी सहा वांगी, पाच टोमॅटो, पाच मिरच्या लावेल, कोणी सगळी वांगीच लावेल. ते ज्याचे त्याने ठरवावे. कूळ मात्र सर्वांचे एकच राहील.

चार वर्षांचा क्रम असा ठेवावा :

- पहिले वर्ष : तुकडा १ वांगी, तुकडा २ शेंग, तुकडा ३ वेल, तुकडा ४ धान-कोबी.
- दुसरे वर्ष : तुकडा १ धान-कोबी, तुकडा २ वांगी, तुकडा ३ शेंग, तुकडा ४ वेल.
- तिसरे वर्ष : तुकडा १ वेल, तुकडा २ धान-कोबी, तुकडा ३ वांगी, तुकडा ४ शेंग.
- चौथे वर्ष : तुकडा १ शेंग, तुकडा २ वेल, तुकडा ३ धान-कोबी, तुकडा ४ वांगी.

लक्षात ठेवायला सोपे आहे : जितवे वर्ष, तितव्या तुकड्यात वांगी. पाचव्या वर्षी ती पुन्हा पहिल्या तुकड्यात येतात, म्हणजे प्रत्येक तुकड्याला वांगी कुळापासून पूर्ण तीन वर्षे मोकळी मिळतात. या चार वर्षांत वांगी खालून वर सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या वांग्याच्या तुकड्यातून वाहणारे पाणी या वर्षीच्या वांग्यांकडे येत नाही.

शेवगा, पपई, कढीपत्ता, लिंबू, अळू ही टिकाऊ झाडे या चार तुकड्यांत लावू नयेत. त्यांच्यासाठी उत्तरेकडील कड वेगळी ठेवावी. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येत असल्याने त्यांची सावली वाफ्यांवर पडणार नाही.

एका तुकड्यात वर्षभर काय घ्यावे

वर्ष मृगापासून मोजावे.

वांगी वर्ष : जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे लावावीत. लागवडीपूर्वी गुंठ्याला २०० ते २५० किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. जानेवारी-फेब्रुवारीत तोडे संपले की झाडे मुळांसकट उपटावीत. उन्हाळ्यात हा तुकडा खोल खणून उन्हात तापू द्यावा.

धान-कोबी वर्ष : खरिपात पाणी धरणाऱ्या तुकड्यात हलक्या धानाची लागवड करावी. वरच्या, पाणी न थांबणाऱ्या तुकड्यात मका घ्यावा. या हंगामापुरत्या वाफ्यांच्या वाटा मोडून पूर्ण तुकडा एकच बांधी समजावा आणि काम व उत्पन्न दोन्ही समान वाटावे. धान निघाल्यावर वाफे पुन्हा पाडून पत्ताकोबी, फुलकोबी, मुळा घ्यावा. पाण्याची सोय असेल तर उन्हाळ्यात चवळाई घ्यावी.

वेल वर्ष : खरिपात पूर्ण तुकड्यावर एकच मांडव घालून दोडका, कारली, लवकी चढवावी. मांडव सामाईक असला तरी आळी ज्याची त्याच्या वाफ्यात असावीत. रब्बीत पालक, सांबार, गाजर. उन्हाळ्यात पाणी असेल तर मूग.

शेंग वर्ष : खरिपात बरबटी, गवार आणि काही ओळी भेंडी. रब्बीत कांदा-लसूण. कांदा निघाल्यावर मे महिन्याच्या मध्यास पाणी असेल तर लगेच, नसेल तर मृगाच्या पावसावर गुंठ्याला अर्धा किलो ताग पेरावा. ४५ दिवसांच्या सुमारास, फुले लागण्याच्या वेळी तो कापून जमिनीत गाडावा. दोन-तीन आठवड्यांनी त्याच तुकड्यात पुढच्या वर्षाची वांगी येतील.

या क्रमामागे कारण आहे. वांगी-मिरची सर्वांत खादाड, म्हणून ती शेंगवर्गीय पिके आणि तागानंतर येतात. वांग्यांनंतर लगेच धान किंवा मका येतो. या पिकांवर वांग्याच्या मर रोगाचे जिवाणू पोसत नाहीत.

धानाचा उपयोग आणि त्याची मर्यादा

भाजीच्या बागेत धान कशाला, असा प्रश्न गटात नक्की निघेल. बांधीत काही आठवडे पाणी उभे राहिले की मातीतील हवा कमी होते. अशा स्थितीत मर रोगाचे जिवाणू, काही बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी बरेच कमी होतात. ते पूर्णपणे नष्ट होत नाहीत, म्हणून एका धानानंतर लगेच पुन्हा वांगी लावू नयेत.

भाजीच्या तुकड्यात धानासाठी जोरदार चिखलणी मात्र करू नये. चिखलणीने मातीची घडण मोडते, खाली कडक थर बसतो आणि नंतरच्या कोबीची मुळे वरच अडकतात. तुकडा समतल करून पाणी धरावे, एवढेच पुरे. कापणीनंतर वाफसा आला की खोल खणून शेणखत मिसळावे.

शेंगवर्गीय पिकांचे नत्र : अर्धे खरे

शेंगवर्गीय पीक घेतले की जमिनीत आपोआप नत्र येते, असे सरसकट सांगितले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. या पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात. पण त्यातील मोठा भाग शेंगा आणि दाण्यांत जातो, म्हणजे आपल्या ताटात येतो. वरून झाडही उपटून गोठ्यात नेले, तर जमिनीला फारसे काही उरत नाही.

म्हणून बरबटी, गवार संपल्यावर झाड उपटू नये. जमिनीलगत कापावे, मुळे तिथेच राहू द्यावीत आणि पाला वाफ्यावर पसरावा. ताग न कापता, न विकता पूर्ण गाडायचा असतो, म्हणून त्याचा फायदा सर्वांत जास्त मिळतो. भुईमूग या योजनेत मुद्दाम घेतलेला नाही. मर रोगाचे जिवाणू त्यावर आणि आल्यावरही जगू शकतात.

झाड मरताना दिसले तर

आधी रोग ओळखावा. मरत असलेल्या झाडाच्या बुंध्याजवळील तीन-चार इंचांचा तुकडा धारदार विळ्याने कापावा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन तुकड्याचे एक टोक पाण्यात लटकते धरावे. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले, तर तो जिवाणूजन्य मर आहे. धागे आले नाहीत, खालची पाने आधी पिवळी पडली, झाड हळूहळू वाळले आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर बुरशीजन्य मर असण्याची शक्यता जास्त.

जिवाणूजन्य मर झालेले झाड कोणत्याही फवारणीने वाचत नाही. त्याच दिवशी पुढील कामे करावीत :

१. झाड मुळाभोवतीच्या मातीसह उपटून पोत्यात भरावे आणि बागेबाहेर जाळावे. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये.

२. त्या तुकड्याला पाटाने वाहते पाणी देणे थांबवून झाडापुरते पाणी द्यावे.

३. निंदणी, तोडणी नेहमी निरोगी तुकड्यापासून सुरू करून रोगट तुकड्यात शेवटी करावी. खुरपे, विळे आणि पाय धुऊनच बाहेर पडावे.

४. बागेत आणि कुंपणाला उगवलेली रिंगणी, कामोणी ही तणे उपटावीत. ती वांगी कुळातीलच आहेत आणि रोग जिवंत ठेवतात.

५. झाड कोणाच्या वाफ्यातील होते, यापेक्षा कोणत्या तुकड्यातील होते हे वहीत लिहावे.

पाचवा मुद्दा महत्त्वाचा आहे. झाड मेले की ते लपवण्याकडे कल असतो, कारण आपल्याच वाफ्यातून रोग आला असे ऐकावे लागेल ही भीती असते. ज्या गटात सदस्य हे बिनदिक्कत सांगू शकतात, तिथे दोन झाडांवर काम भागते. जिथे सांगत नाहीत, तिथे तुकडा जातो.

रोग बऱ्याचदा विकतच्या रोपांबरोबरही येतो. फेरपालट नीट करून बाजारातून रोगट रोपे आणली, तर चार वर्षांची मेहनत वाया जाते. गटाने आपली रोपवाटिका स्वतःच करावी. उंच गादीवाफा दरवर्षी नव्या जागी आणि वांगी कधीच न घेतलेल्या मातीत घ्यावा.

मुळांवर गाठी दिसल्या तर

पीक संपल्यावर प्रत्येक तुकड्यातील चार-पाच झाडांची मुळे धुऊन पाहण्याची सवय लावावी. शाळेच्या बागेत हे काम मुले आवडीने करतात. शेंगवर्गीय पिकाच्या चांगल्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात. नखाने सहज निघतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीच्या गाठी म्हणजे मूळच जागोजागी सुजलेले असते. त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

सूत्रकृमी वांगी, टोमॅटो, भेंडी, वेलवर्गीय भाज्या आणि बरबटीवरही वाढतात. म्हणजे कूळ बदलूनही ते सुटत नाहीत. अशा तुकड्यात एक हंगाम झेंडू, तीळ, कांदा किंवा लसूण घ्यावा. झेंडू बांधावर चार झाडे लावून भागत नाही. पूर्ण तुकड्यात दाट लावून दोन-तीन महिने ठेवला तरच उपयोग होतो. फुले दसरा-दिवाळीला विकता येतात. पुढील लागवडीच्या वेळी गुंठ्याला अडीच ते पाच किलो निंबोळी पेंड द्यावी.

मर आधीच सगळ्या बागेत पसरली असेल तर

अनेक गटांची खरी अडचण इथेच असते. दोन-तीन वर्षे सगळीकडे वांगी लावून झाली आहेत आणि चारही तुकड्यांत झाडे मरत आहेत. अशा वेळी वरचा क्रम लगेच सुरू करून उपयोग नाही, कारण वांग्यांसाठी स्वच्छ तुकडाच शिल्लक नाही. तीन वर्षे बागेत वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा पूर्ण बंद ठेवावा लागतो.

आपल्याकडे वांग्यांशिवाय स्वयंपाक अवघड, म्हणून हा निर्णय जड जातो आणि बहुतेक गट तो टाळतात. पण वांगी बंद करायची आहेत ती बागेतून, ताटातून नव्हे. त्यासाठी दोन वाटा आहेत. ज्या सदस्यांच्या धानाच्या बांधीजवळ विहीर किंवा बोडी आहे, त्यांनी हलके धान निघाल्यावर त्याच बांधीत वांगी लावावीत. चार महिने पाणी उभे राहिलेली ती जमीन बागेपेक्षा स्वच्छ असते. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांना घराजवळ जुन्या पोत्यांत नवी माती आणि शेणखत भरून पाच-सहा झाडे लावता येतील. बागेतील माती त्या पोत्यांत वापरू नये. शेत असलेल्यांनी भूमिहीन सदस्यांना काही ओळी दिल्या, तर तीन वर्षे कोणाचेच ताट रिकामे राहणार नाही.

बागेत या काळात धान किंवा मका, कोबी, कांदा, शेंगा, वेल आणि पालेभाज्या आलटून-पालटून घ्याव्यात. चौथ्या वर्षी एकाच तुकड्यात वांग्यांची २०-२५ झाडे लावून पाहावीत. ती टिकली तर पुढच्या वर्षी चार तुकड्यांचा क्रम सुरू करावा.

फेरपालटीने काय होत नाही

फेरपालट जमिनीत राहणाऱ्या शत्रूंवर चालते. उडून येणाऱ्यांवर तिचा भरवसा धरू नये. वांग्याचे शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग या तुकड्यातून त्या तुकड्यात सहज जातो. त्यासाठी कामगंध सापळे लावावेत, कीडलेले शेंडे आणि फळे दर आठवड्याला तोडून नष्ट करावीत. भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचा रोग पसरवणारी पांढरी माशीही फेरपालटीने थांबत नाही. तिथे रोगाला तग धरणारे वाण, पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क उपयोगी पडतो. हे आधीच सांगून ठेवले नाही, तर पहिल्याच वर्षी फळांत अळी दिसल्यावर फेरपालट निरुपयोगी आहे असे म्हणून गट ती सोडून देतो.

शेणखताची जागाही फेरपालट घेत नाही. बागेतून दर आठवड्याला भाजी बाहेर जाते, त्या प्रमाणात कुजलेले खत परत यायलाच हवे.

वही नसेल तर फेरपालट नाही

गेल्या वर्षी कुठे काय होते हे सर्वांना आठवेल, असे वाटते. तीन वर्षांपूर्वीचे मात्र कोणाला आठवत नाही. त्यातच गटाचे पदाधिकारी बदलतात, शाळेत शिक्षकांची बदली होते. म्हणून एक वही ठेवावी. पहिल्या पानावर बागेचा नकाशा, तुकड्यांचे क्रमांक आणि उतार दाखवावा. पुढे प्रत्येक हंगामाला प्रत्येक तुकड्यासाठी पाच गोष्टी लिहाव्यात : लागवडीची तारीख, पीक, दिलेले खत, मेलेली झाडे, आणि मुळांवर गाठी होत्या की नाही. दोन ओळी पुरतात.

पुढे सेंद्रिय प्रमाणपत्राचा विचार झाला, तर हीच वही कामी येते. पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि त्यात नोंदींना महत्त्व असते.

या वर्षी सुरुवात कशी करावी

- एप्रिल-मे : अक्षय तृतीयेच्या सुमारास गटाची बैठक घ्यावी. मागील दोन-तीन वर्षांत कुठे वांगी होती आणि कुठे झाडे मेली, हे जुन्या सदस्यांना विचारून नकाशावर खुणा कराव्यात. ज्या तुकड्यात खुणा सर्वांत कमी, तिथून वांगी सुरू करावीत. त्यासाठी वरील क्रमात क्रमांक मागे-पुढे झाले तरी चालतील. मातीचे नमुने तपासणीला द्यावेत.
- जून : धुरे, पाट, नाल्या आणि दगडी खुणा पूर्ण कराव्यात. ताग पेरावा. रोपवाटिका टाकावी.
- जुलै-ऑगस्ट : ताग गाडून वांग्यांची लागवड. मांडव उभारणी. धान किंवा मका.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : धान काढून कोबी. रब्बीच्या पालेभाज्या आणि कांद्याची तयारी.
- फेब्रुवारी : वांग्यांची झाडे उपटून मुळे तपासावीत आणि वहीत नोंद करावी.

मर रोगाची खात्री करून घ्यायची असेल किंवा मुळांवरील गाठी ओळखता येत नसतील, तर मुळांसह झाड आणि त्याभोवतीची मूठभर माती पिशवीत घालून साकोली येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावी, किंवा आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा. जाताना बागेची वही सोबत न्यावी. कोणत्या तुकड्यात कधी काय होते हे कळले, तर सल्ला अधिक नेमका मिळेल.